सकाळी सांगायची बातमी

पहाटे साडेपाचला दार वाजलं तर माझ्या नवऱ्याला पाण्याचा टँकरवाला आठवतो आणि मला अब्रेहेत. ती इथून गेली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली, तरी मी अंथरुणात उठून बसते आणि बाहेर एक माणूस आहे की जास्त, याचा कानोसा घेते. एकच असेल तर काळजी नाही. चार-पाच बायका असतील आणि कुणी बोलत नसेल, तर मात्र दार उघडायची घाई करू नये, एवढं मी तिच्याकडून शिकले.

मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे. लॉन्ड्री म्हटलं की वसईच्या माझ्या नणंदेला नाक्यावरचा इस्त्रीवाला दिसतो, म्हणून सांगून टाकते: आमची लॉन्ड्री म्हणजे लांबच लांब शेड. मस्कतच्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथे ट्रक भरभरून येतात. आत वाफ, साबणाच्या पावडरीचा वास, आणि उन्हाळ्यात दार उघडावं तर बाहेर त्याहून गरम. नव्या मुली पहिल्या आठवड्यात हटकून रडतात. अब्रेहेत रडली नाही. तिने माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरलं, एकदा झटकलं, आणि घडी घालत घालत माझ्यापर्यंत चालत आली ती थेट खांद्याला खांदा टेकेपर्यंत. मी दचकून मागे सरकले. "आमच्याकडे असंच भेटतात," ती म्हणाली. कामाचा एक मिनिटही न घालवता बाई मला नमस्कार करून मोकळी झाली होती.

उंच, सडपातळ, केसांच्या बारीक वेण्या डोक्याला घट्ट चिकटलेल्या आणि कपाळावर हिरवट गोंदलेला क्रूस. तो क्रूस पाहून मी तिला मनातल्या मनात आपल्यातली धरून टाकली.

"कॅथलिक?" मी विचारलं.

"ऑर्थोडॉक्स. तुमच्या लोकांना धर्म कुणी दिला?"

"पोर्तुगीजांनी."

"ते आमच्याकडे पण आले होते," ती म्हणाली. "आम्ही परत पाठवले."

वसईत आम्ही साडेचारशे वर्षं त्या पोर्तुगीजांची आडनावं मिरवतोय. मी तिला टॉवेलांच्या ढिगाकडे पाठवून दिलं आणि माझ्या नाकाला झोंबलेल्या मिरच्या वाफेत लपवल्या.

ती आधी पाच वर्षं इथल्याच इब्रा गावात एका घरात कामाला होती. तिथे अरबी शिकली, लॉन्ड्रीत हिंदी शिकली, आणि माझ्याकडून, बहुतेक मी ओरडत असताना, मराठी. या तिन्हींची खिचडी ती बोलायची. इथे मी ती जरा निवडून-टिपून लिहिते आहे.

तिच्या मनगटावरचं घड्याळ चुकलेलं असायचं. आमचे सकाळचे सात वाजले की तिच्या घड्याळात एक. पहिल्यांदा मला वाटलं सेल गेला असेल. "घड्याळ बरोबर आहे," ती म्हणाली. "सूर्य उगवला, दिवसाचा पहिला तास झाला, एक वाजला. तुमचा दिवस मध्यरात्री सुरू होतो. तेव्हा तुम्ही जागे तरी असता का?" तिच्या देशात, इथिओपियात, वर्षाचे महिने तेरा, त्यातला शेवटचा पाच-सहा दिवसांचा. आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. हे कळल्यावर मी तिला म्हटलं, "बाय, मला तुझ्या देशाचा पासपोर्ट मिळवून दे, मी उद्या चाळिशीच्या आत जाते." यावर ती तोंडावर हात धरून हसली. मोठ्याने हसणं तिला ठाऊक नव्हतं. खांदे तेवढे हलायचे.

उपासांच्या बाबतीत मात्र तिच्यापुढे आमची मान खाली. आम्ही वसईकर चाळीस दिवसांचा उपास करतो म्हणजे मटण सोडतो आणि मासळीबाजार रिकामा करतो. ती वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस दूध, अंडं, मांस काहीही शिवायची नाही. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आमची चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, तासाभरात आटोपायचा आणि तेवढ्यातही आम्ही बाकावरच्या जागेवरून कोपरं मारायचो. चर्चच्या त्याच आवारात पलीकडच्या हॉलमध्ये तिची माणसं पांढऱ्या ओढण्या घेऊन, चपला बाहेर काढून तीन-तीन तास उभी. ती आत जाताना दाराच्या चौकटीला ओठ टेकवायची. मला ते आवडायचं, पण कधी तसं बोलले नाही.

एकदा कॅम्पच्या, म्हणजे कामगारांच्या वसतिगृहाच्या, वॉचमनने तक्रार केली की बायकांच्या खोल्यांत कोळसा पेटवतात, धुराचा भोंगा वाजतो. सुपरवायझर म्हणून मी शुक्रवारी दुपारी तिची खरडपट्टी काढायला गेले. खोलीत हिरव्या प्लॅस्टिकच्या गवताची चटई पसरलेली. "घरी खरं गवत पसरतात," तिने सांगितलं, "इथे खरं गवत फक्त राउंडअबाउटवर." छोट्या शेगडीवर ती कॉफीच्या हिरव्या बिया भाजत होती. भाजून झाल्यावर तो धूर तिने हाताने माझ्या तोंडाकडे लोटला. वास घेणं हाही त्यातला एक मान होता. बिया कुटल्या, काळ्या मातीच्या सुरईत उकळल्या, कानाशिवायच्या छोट्या कपांत ओतल्या. मी एक कप घेऊन भांडायला उठले, तर तिची खोलीतली सोबतीण अल्माझ दारात आडवी.

"तीन घ्यायचे," अल्माझ म्हणाली. "पहिल्यावर उठणं म्हणजे भांडण."

"मी भांडायलाच आले आहे."

"मग तिसऱ्यानंतर भांड," अब्रेहेत म्हणाली. "तिसऱ्याचं नाव बरका, आशीर्वाद. बरका घेऊन भांडलं तर लागत नाही."

दुसऱ्या कपाला मी तिला माझ्या सासूबद्दल सांगितलं. तिसऱ्याला तिने मला सेनाइतबद्दल सांगितलं. सेनाइत म्हणजे तिची मुलगी. देशाच्या उत्तरेला तिग्राय नावाचा प्रांत आहे, तिथल्या अडवा गावाजवळ तिच्या आईचं घर. नवरा सोडून गेलेला. पोर तीन वर्षांची असताना आईच्या मांडीवर ठेवून ती इब्राला आली. माझी शेरल आणि तिची सेनाइत एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेल्या, म्हणजे आमच्या हिशेबाने एका. तिच्या हिशेबाने सेनाइत सात वर्षांनी मोठी का धाकटी यावर आम्ही बराच वेळ घोळ घातला. आणखी दोन वर्षं काम करायचं, मग घरी जाऊन मुलीजवळ राहायचं, एवढा एकच बेत तिच्याकडे होता. शेवटी मीच तिला मागच्या गॅलरीत शेगडी पेटवायची परवानगी देऊन परतले.

त्यानंतर ती आमच्या घरी येऊ लागली. आली की आधी शेरलला दाराच्या चौकटीला उभी करायची, आपला तळवा तिच्या डोक्यावरून चौकटीला टेकवायची आणि बघत राहायची. "माझी पण एवढी," म्हणायची. मुलगी व्हिडिओत दिसे, पण चेहऱ्याएवढीच. उंची तिला शेरलवरून काढावी लागे.

शेरल इथल्या इंडियन स्कूलची, तिचं मराठी म्हणजे ठेचा लागत चालल्यासारखं. पाचवीत असताना तिला प्रोजेक्ट मिळालं. "मम्मी, मला इथिओपिया आलाय. आफ्रिकेतली पॉप्युलस कंट्री. जिओग्राफी, गव्हर्नमेंट, कल्चर, तिन्हीचा चार्ट." मी अब्रेहेतला फोन लावला. ती शुक्रवारी मिस्सा आटोपून आली, आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसली आणि पेन्सिलीने तक्त्याच्या मधोमध डोंगरच डोंगर काढत सुटली.

"सगळीकडे डोंगर नसतात ना, आँटी?"

"जिथे माणसं राहतात तिथे डोंगर. वर थंड. खाली, कडेला, मीठ आणि ऊन, मस्कतसारखं." मग एक तळं काढलं आणि त्यातून निघणारी निळी नाईल. "पाणी आमचं, नाव मिसरचं," ती म्हणाली. मिसर म्हणजे इजिप्त.

"समुद्र कुठे?"

"होता. गेला."

"समुद्र कसा जातो?"

"भाऊ वेगळा झाला. त्याच्या वाटणीत गेला." शेरलने नकाशात शेजारचा देश बघून लिहून घेतलं: एरिट्रिया झाला वेगळा भाऊ. मी ते खोडायला लावलं.

मग सरकार. प्रांत कसे पाडले, तर भाषेवरून. "म्हणजे आपली भाषावार प्रांतरचना," मी शाळेत शिकलेला शब्द कित्येक वर्षांनी वापरला आणि शेरलने तो परकी भाषा ऐकल्यासारखा ऐकला. तिने मोबाइलवर शोधून वाचलं की तिथल्या राज्यघटनेत कुठल्याही प्रांताला हवं तर देश सोडून वेगळं होण्याचा हक्क दिलेला आहे. "रिअली, आँटी?"

अब्रेहेतचे खांदे हलले. "सासू सुनेला सांगते, वाटलं तर माहेरी जा. सून खरंच निघाली की मग बघ."

संस्कृतीच्या रकान्यात तिने कॉफी, तेरा महिने, घड्याळ, आणि एकाच मोठ्या ताटात सगळ्यांनी जेवायचं हे सांगितलं. पातळ आंबूस धिरड्यासारखी इंजेरा, तिच्यावरच भाज्या वाढायच्या, आणि आपण खायच्या आधी शेजारणीच्या तोंडात घास घालायचा. सगळ्यात खाली तिने त्यांच्या लिपीत शेरलचं नाव लिहिलं. शाळेत टीचरने तेरा महिन्यांवर लाल रेघ मारली आणि दोन मार्क कापले. अब्रेहेत खवळली. "तुझ्या टीचरला आण इकडे. तीन कप पाजते. तिसऱ्याला मार्क परत देईल."

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते. मी टाळत होते.

मस्कतमधल्या हबशी, म्हणजे इथिओपियाच्या, मुलींत अब्रेहेतला एक मान होता आणि त्याच मानामुळे मुली तिला घाबरायच्याही. तिकडे कुणाचा बाप किंवा आई गेली, तर घरचे त्या मुलीला फोन करत नसत. ते अब्रेहेतला करत. त्यांच्यात मृत्यूची बातमी एकट्या माणसाला सांगत नाहीत. फोनवर तर नाहीच. संध्याकाळी नाही, म्हणजे ती घेऊन रात्र काढावी लागू नये. जवळची माणसं गोळा होतात, भल्या पहाटे सगळी मिळून दाराशी जातात, त्यातलं वडीलधारं कुणी सांगतं आणि सगळे मिळून रडतात. याला मर्दो म्हणतात. परदेशात एकेका घरात एकेकटी असलेल्या मुलींना कुठली वडीलधारी? मग अब्रेहेत बायका जमवायची, त्या घरच्या मालकिणीची परवानगी काढायची, शुक्रवार गाठायची आणि पहाटे जाऊन उभी राहायची.

पण तोवर? तोवर ती त्या मुलीशी रोज बोलायची, थट्टा करायची. आमच्याच लॉन्ड्रीतल्या एका मुलीचा बाप गेला तेव्हा ती दहा दिवस तिच्याबरोबर टॉवेल मोजत होती, गाणी म्हणत होती. मला हे कळलं तेव्हा मी भडकले.

"पाप आहे हे. बाप मातीत गेला आणि पोर इथे हसतेय!"

"दहा दिवस जास्त बाप मिळाला ना तिला," अब्रेहेत म्हणाली, आणि रोलरखाली पुढची चादर सरकवली.

मला तिचं पटलं नाही. आमच्याकडे माणूस गेलं की चर्चची घंटा वाजते, अर्ध्या तासात गावभर. पण तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकले नव्हते.

करोनाचं वर्ष संपत आलं होतं. दवाखान्यांच्या चादरी आम्ही हातमोजे, मास्क घालून धुवत होतो. त्याच सुमारास तिच्या देशात केंद्र सरकार आणि तिग्राय यांच्यात लढाई सुरू झाली. शेरलच्या तक्त्यावरची सून माहेरी निघाली होती का सासूने काढली होती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. अब्रेहेतनेही कधी सांगितलं नाही. एवढं खरं की तिग्रायचे फोन बंद झाले. इंटरनेट बंद, बँका बंद, रस्ते बंद. दर शुक्रवारी ज्या नंबरवर सेनाइत बोलायची, तिथे आता रेकॉर्ड केलेली एक बाई बोलायची. अब्रेहेत त्या बाईचं सगळं ऐकून घ्यायची, मध्येच फोन ठेवायची नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा.

अल्माझ दुसऱ्या बाजूच्या प्रांतातली होती. कॅम्पातल्या मुली आता वेगवेगळ्या ताटांत जेवू लागल्या. अल्माझही आपलं जेवण उचलून पलंगावर जाऊन बसली. मी तिथेच होते. अब्रेहेत उठली, घास केला आणि तिच्या तोंडासमोर धरला. अल्माझने तोंड फिरवलं. घास तसाच. हाताला कळ लागली असेल, पण हात खाली आला नाही. शेवटी अल्माझने तो घेतला आणि तोंडात घास असतानाच हुंदके देऊन रडायला लागली. त्यानंतर त्या खोलीत एकच ताट राहिलं. लढाई थांबली नाही, पण तो काही अब्रेहेतचा दोष नव्हता.

दोन वर्षं असं चाललं. ती वाळत गेली. कामात चूक नाही, पण बोलणं कमी झालं. राजधानीत, आदिस अबाबात राहणारा तिचा भाऊ फोनवर मिळायचा. त्यालाही काही कळत नव्हतं. ती शेरलला चौकटीशी उभी करायची आणि आता "माझी पण एवढी" म्हणायच्या आधी थांबायची. शेरल एकदा मला म्हणाली, "मम्मी, आँटी मला बघते ना, तेव्हा मी जास्त सरळ उभी राहते." एवढ्या मराठीत तिने ते सांगितलं, याचंच मला कौतुक वाटलं. त्यामागचं मला तेव्हा कळलं नाही.

त्यातच मी एक चूक केली. लढाई सुरू झाल्यानंतरचा दुसरा जानेवारी. त्यांचा नाताळ सात जानेवारीला येतो. त्या दिवशी पहाटे तिला सुट्टी नव्हती, चर्चला जाता येणार नव्हतं. मला वाटलं, बिचारीला जरा हसवावं. मी केक आणला आणि ड्यूटीच्या बसच्या आधी, पहाटे साडेपाचला, लॉन्ड्रीतल्या आपल्याकडच्या पाच बायकांना घेऊन तिच्या दाराशी गेले. सगळ्यांना बजावून ठेवलं: यल्ला, चला, पण दार उघडेपर्यंत एक शब्द नाही. केक माझ्या पाठीमागे लपवलेला. अल्माझ आमच्यात नव्हती, ती रात्रपाळीला होती, नाहीतर तिने मला दारापर्यंत जाऊच दिलं नसतं.

अब्रेहेतने दार उघडलं. समोर गॅलरीच्या दिव्याखाली सहा बायका, गप्प, हसू दाबायला ओठ आवळलेल्या. तिने आमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. ती गुडघ्यांवर खाली बसली, दोन्ही हातांनी छाती बडवायला लागली आणि सेनाइत, सेनाइत करत जमिनीवर डोकं आपटायला लागली.

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा माझ्या हातातला केक पडला. मी तिला धरून ओरडत होते, "नाही ग, नाही! केक आहे! नाताळचा केक! वल्ला, देवाशपथ, दुसरं काही नाही!" पडलेला केक मी तिला उचलून दाखवला. तिला विश्वास बसायला किती वेळ गेला कोण जाणे. बस भोंगा वाजवून निघून गेली. शेवटी तिचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय म्हणून आम्हीही हसलो, रडत रडत. तिने जमिनीवरचा केक बोटाने उचलून माझ्या तोंडात घातला.

त्या दुपारी मशीनपाशी ती मला म्हणाली, "दीदी, खरी बातमी आली तर तू सांगू नकोस. तुझं मन चांगलं आहे, पण तू माझं माणूस नाहीस. माझ्या माणसांत मला सांगू देत." मी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं.

त्याच वर्षाच्या शेवटी दोन्ही बाजूंनी करार केला आणि तिग्रायचे फोन हळूहळू सुरू झाले. एका गावामागून एक. कॅम्पात मुली फोन कानाला लावून नाचत होत्या, ओरडत होत्या. अडव्याचेही फोन लागू लागले. अब्रेहेतचा फोन वाजला नाही आणि तिने स्वतः लावला नाही. मला राहवेना.

"लाव ना ग एकदा!"

"ज्याच्या घरी सगळं ठीक असतं, तो स्वतः लावतो," ती म्हणाली.

भाऊ तिला सांगत होता की आईच्या गावाचा टॉवर अजून दुरुस्त झाला नाही. ती त्याला दुसरं काही विचारत नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यात मला फोन आला. अब्रेहेतने ऑफिसच्या फॉर्मवर अडीअडचणीला म्हणून माझा नंबर दिलेला होता. तिचा भाऊ, इंग्रजीत, शाळामास्तरासारखा सावकाश बोलत होता. आई जिवंत आहे, तिला आदिसला आणलं आहे. सेनाइत गेली. ताप आला होता, दवाखान्यात औषध नव्हतं. कधी? दीड वर्षं झालं, पावसाळ्यात.

मी बोटं मोजली. मी केक घेऊन गेले त्याच्या सहा महिने आधी. म्हणजे त्या पहाटे ती खऱ्याच बातमीला रडली होती, आणि मी तिला समजावून, हसवून गप्प केलं होतं.

"तिला सांगू नका," भाऊ म्हणाला. "आईला बरं नाही म्हणून मी तिला बोलावतो. तुम्ही फक्त रजा मिळवून द्या. इथे आम्ही सगळे आहोत. पहिल्या सकाळी सांगू."

ज्या गोष्टीला मी पाप म्हटलं होतं, ती माझ्याच गळ्यात आली. पंधरा दिवस मी तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरलं. रजेचा कागद केला, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, मागे लागून सही घेतली. तिने आनंदाने सामान भरायला घेतलं, निदान मला तो आनंद दिसला. आईला शाल, भावाला शर्ट, आणि सेनाइतला बूट. सीबच्या बाजारात बूट घ्यायला ती शेरलला घेऊन गेली, आणि मला. नाही म्हणायला मी कारण शोधलं, सापडलं नाही. शेरल तेव्हा तेरा वर्षांची. दुकानात तिने एकामागून एक बूट घालून पाहिले, चालून दाखवलं. अब्रेहेत जमिनीवर बसून तिच्या अंगठ्यापुढे दाबून बघत होती, वाढायला जागा आहे का. निळे, पांढऱ्या तळाचे निवडले. मी दुकानाबाहेर येऊन उन्हात उभी राहिले. शेरलला मी काही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "मम्मी, तू का बोलत नाहीस?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

विमानतळावर मी आणि अल्माझ तिला सोडायला गेलो. तिने पांढरी ओढणी घेतली होती. काउंटरवर वजन केलं तर बॅगेत किलोभर सामान जास्त. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काढा काहीतरी. अब्रेहेतने तिथेच खाली बसून बॅग उघडली. वरती आईची शाल होती, तिच्याखाली कॉफीचे कप, शर्ट, खजुराचे डबे. मी म्हटलं, खजूर काढ, तिकडे मिळतील. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हात थेट तळाशी घातला, बुटांचा खोका काढला, बॅग बंद केली आणि उठून खोका माझ्या हातात दिला.

"शेरलला दे," ती म्हणाली. "तिच्याच मापाचे आहेत."

"अगं, पण सेनाइतला..." मी म्हणाले. अल्माझ दुसरीकडे बघत होती.

अब्रेहेतने खांद्याला खांदा लावला, एकदा, दोनदा, तीनदा. कानाशी म्हणाली, "तू सांगितलं नाहीस, चांगलं केलंस. उद्या सकाळी ते सांगतील. तेव्हा मी रडेन."

मग तिने ओढणी सारखी केली, पासपोर्ट हातात घेतला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे एक बाई दोन मुलांना सांभाळत होती, त्यातलं धाकटं रांगेतून पळत होतं. अब्रेहेतने वाकून त्याला धरलं, आईच्या हातात दिलं, आणि त्यांच्यामागून आत गेली.